दोनशे सत्तेचाळीस पौंडांचा पेशंट

१८ जानेवारी, रविवार

दोनशे सत्तेचाळीस पौंड! नुसत्या गॅसचे! एका महिन्याचे!

मला हे कुणी सांगितलं नाही. सकाळी चहाचा कप ठेवायला किचनकडे जात होतो. आत विनय मीनलला सांगत होता – "गेल्या जानेवारीत वन थर्टी नाइन होतं गं. आता टू फोर्टी सेव्हन! आई-बाबा आल्यापासून..." मी कप घेऊन तसाच मागे फिरलो. पुढचं ऐकलं नाही. दाराआड उभं राहून मुलाचं आणि सुनेचं बोलणं ऐकायचे दिवस अजून आलेले नाहीत. शिवाय पुढे काय असणार ते न ऐकताही कळतं!

कप अजून इथे टेबलावरच आहे.

नोव्हेंबरात हिचा – सुप्रभाचा – गुडघा बदलला. आमच्या ब्रिस्टलच्या घराला रस्त्यापासून दारापर्यंतच बावीस पायऱ्या. विनय म्हणाला, "हिवाळ्यापुरतं आमच्याकडे रीडिंगला या, मग बघू." आलो. खालची स्टडी रिकामी करून दिली आम्हाला दोघांनी. पण त्या "मग बघू"चं अजून कुणी काही बघितलेलं नाही. आणि तिकडे ब्रिस्टलचा एजंट मागे लागलाय – एक कुटुंब मार्चपासून आमचं घर वर्षाच्या भाड्याने घ्यायला तयार आहे, सत्तावीस फेब्रुवारीला हो की नाही सांगा. हो म्हटलं, तर आम्ही इथेच राहिलो. नाही म्हटलं, तर परत बावीस पायऱ्या.

विनयला विचारणार नाही. मी विचारलं की तो "राहा" म्हणणारच, दुसरं काय म्हणेल बिचारा! त्याने आपणहून म्हणायला हवं. अजून म्हटलेलं नाही.

इथे लिहितोय म्हणून खरं लिहितो. मला राहायचंय.

१९ जानेवारी, सोमवार

मीनलपुढे शंभर पौंड ठेवले. म्हटलं, गॅसला.

"बाबा! पेइंग गेस्ट आहात का तुम्ही?" नोटा परत माझ्या खिशात कोंबल्या. चिडली होती. चांगलीच.

म्हणजे पैशाने हे मिटणार नाही.

२० जानेवारी, मंगळवार

केस हातात घेतली. चाळीस वर्षं भूल दिली मी – ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात, रोज, माणसांना. गॅस किती गेला, किती उरला, दर पाच मिनिटांनी तक्त्यावर लिहायचं. आयुष्यभर गॅसच मोजला! आणि आता एका घराचा गॅस मला मोजता येऊ नये?

पेशंट – चार बेडरूमचं घर, वय पन्नासच्या आसपास. तक्रार – भूक अचानक वाढली. बिल विनयकडून मागून घेतलं. ("कशाला बाबा?" "वाचायला." "त्यात काय वाचायचंय?" "तू तुझं काम कर.")

आधी वाटलं, कंपनीने अंदाजे आकडा ठोकला असेल. नाही. मीटरचा आकडा खरा आहे, विनयने मीटरचा फोटो पाठवलाय. मग वाटलं गणित चुकलं असेल. मीटर घनमीटर सांगतो, बिल किलोवॉट-अवरमध्ये येतं. मधे दोनदा गुणायचं, एकदा भागायचं. तीनदा केलं. तिन्ही वेळा त्यांचंच बरोबर! दर गेल्या वर्षीपेक्षा जेमतेम जास्त. म्हणजे गॅस खरंच जळला. तीनशे बावन्न युनिट. दिवसाला साडेअकरा.

मीनलने कंपनीचं अ‍ॅप दाखवलं. त्यात एक लाल पट्टी – "तुमच्यासारख्या घरांपेक्षा तुमचा वापर ७८ टक्के जास्त." तुमच्यासारखी घरं म्हणजे कुठली हो? त्या घरांत नवा गुडघा घातलेली बाई आहे का? मी आहे का?

२१ जानेवारी, बुधवार

मीटरच्या पेटीची तिकोनी किल्ली सापडली. बाहेरच्या भिंतीला पांढरी पेटी आहे, जमिनीलगत. वाकून वाचावं लागतं. उठताना "आई गं" म्हटलं. शेजारचा कुंपणावरून, "यू ऑल राइट, डॉक्टर?" म्हटलं, राउंडवर आहे!

सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा. दिवसातून तीन वेळा. तक्ता केला. विनयच्या प्रिंटरचे कागद वापरले. सांगू नये.

२३ जानेवारी, शुक्रवार

संशयित क्रमांक एक – अन्वी. वय तेरा. शॉवरला गेली की वाफेचा ढग जिना उतरून खाली येतो.

"आजोबा, माझी शॉवर फक्त पाच मिनिट असतो, ओके?"

मी घड्याळ लावलं. तेवीस मिनिटं. तिला सांगितलं तर म्हणे, "पण माझी केस लांब आहे ना!" आणि मग – "तू मला टाइम करतो? दॅट्स सो क्रीपी, आजोबा!" सुप्रभा आतून ओरडली, "अहो, पोरीला सुखाने आंघोळ तरी करू द्या!"

पण गेल्या वर्षीही अन्वी होती आणि तिचे केसही होते. वाढ तिच्यामुळे नाही. संशयित मुक्त.

२४ जानेवारी, शनिवार

आंबोळ्या! सुप्रभाने केल्या, काळ्या वाटाण्याची उसळ. जाळी कशी पडली होती! तिच्या वेंगुर्ल्याच्या माहेरी सुद्धा जानेवारीत पीठ इतकं फुगत नसेल. म्हटलं, या थंडीत जमतं कसं गं तुला? ती म्हणाली, "हाताला गुण असतो." अन्वीने सात खाल्ल्या. तिच्या दोन मैत्रिणी येतात दर शनिवारी – एक पोलिश, एक घानाची – त्यांनीही पाच-पाच. मीनलने उभ्यानेच चार. रीडिंगला आल्यापासून शनिवारी हे घर असं चालतं.

आज मीटर वाचायचा राहिला.

२७ जानेवारी, मंगळवार

प्रयोग केला. सगळे बाहेर – विनय, मीनल ऑफिसला, अन्वी शाळेत. दहा वाजता हीटिंग पूर्ण बंद. शेगडी बंद. कुणी नळ उघडायचा नाही. सुप्रभाला म्हटलं, दोन तास कळ काढ. ती शाल, स्वेटर, त्यावर माझा कोट घालून बसली, आणि दोन तास माझ्याशी बोलली नाही. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, इतकी शांतता पहिल्यांदाच!

बारा वाजता मीटर पाहिला. आकडे हलले होते! फार नाही. पण हलले. पेशंट गाढ झोपवलाय, आणि तरी चोरून खातोय!

आत येऊन सुप्रभाला म्हटलं, काहीतरी चालू आहे या घरात. ती म्हणाली, "असेल काहीतरी, चालायचंच." आणि लगेच उठून भाजी निवडायला घेतली. स्वतःच्या गुडघ्याचं नाव न घेता उठली. हे काही नेहमीचं नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

गळती तर नाही ना म्हणून धास्ती. वास नाही. तरी कंपनीच्या नंबरवर फोन केला. माणूस आला, यंत्र फिरवलं, गळती नाही म्हणाला. जाताना म्हणतो – "बॉयलर मात्र फार कष्टाळू आहे हो तुमचा. सारखा पाणी तापवतोय."

सारखा? पाणी सकाळ-संध्याकाळ तापतं! तसं बटण आहे – "दोनदा"!

बॉयलरपाशी जाऊन चष्मा लावून पाहिलं. पाण्याचं बटण "कॉन्स्टंट"वर! म्हणजे चोवीस तास!

३० जानेवारी, शुक्रवार

सापडलं. देवा!

मी वरच्या मजल्यावर जात नाही, आम्हाला कामच नसतं. आज गेलो. जिन्याच्या वर एअरिंग कपबर्ड आहे – गरम पाण्याच्या तांब्याच्या टाकीचं कपाट, वर फळ्यांवर टॉवेल वाळतात. टाकीला लाल रजईसारखं जाड जॅकेट असतं, आतली ऊब आत राहावी म्हणून.

दार उघडलं. टाकी उघडी! नागडी! हात लावला तर चटका. आणि खाली, टाकीला टेकून – आमचं मोठं स्टीलचं पातेलं. त्याला दोन्ही बाजूंनी लाल जॅकेट गुंडाळून वर माझ्या ड्रेसिंग गाउनचा पट्टा बांधलेला. (डिसेंबरपासून शोधतोय तो पट्टा!) झाकण उचललं. आंबोळीचं पीठ. फसफसून वर आलेलं. शेजारी दह्याचा सट, त्याला अन्वीची लोकरीची टोपी.

खाली येऊन म्हटलं, "सुप्रभा, वर एक पातेलं स्वेटर घालून बसलंय."

ती कांदा चिरत होती. वर पाहिलं नाही. "मग? पीठ आलं पाहिजे ना वर? रात्री सतरा अंशांत येतं का? तुम्हीच आणून दाखवा."

"आणि कॉन्स्टंट?"

"दोनदा तापवून पातेल्याला काय ऊब लागते? संध्याकाळची टाकी सकाळी थंडगार."

"आणि जिना? सिंकपर्यंत जायला तुला काठी लागते, आणि पाच किलोचं पातेलं घेऊन जिना?"

"फिजिओनेच सांगितलंय दिवसातून दहा वेळा जिना चढ म्हणून."

हाताला गुण म्हणे! सबंध टाकी लावली होती गुणाला!

मी हसत सुटलो. तीही. मग हसणं थांबवून म्हणाली, "विनयला नका सांगू हो. आपल्यामुळे खर्च झाला असं वाटायला नको." तिनेही बिलाचं ऐकलं होतं म्हणजे! इतके दिवस दोघंही एकमेकांपासून तेच लपवत होतो.

३१ जानेवारी, शनिवार

जॅकेट टाकीला. बटण "दोनदा"वर. विनयला सांगितलं, टाकीचं जॅकेट सैल झालं होतं, मी बसवलं. खोटं नाही. सैल झालं होतंच – पातेल्यापर्यंत!

आंबोळ्या आजच्या छान. शेवटचं पीठ.

७ फेब्रुवारी, शनिवार

पीठ आलं नाही. काठावर एक बुडबुडा. आंबोळ्या तव्यावर पडल्या त्या पडल्याच.

"आज्जी, हा आंबोळी आहे का रबर आहे?" – अन्वी.

मैत्रिणी टोस्ट खाऊन गेल्या. सुप्रभा दुपारभर पडून होती. गुडघा दुखतोय म्हणाली. मला माहितीये काय दुखतंय.

८ फेब्रुवारी, रविवार

आठवड्याचा तक्ता. आधी दिवसाला साडेअकरा युनिट. आता साडेदहा.

एक! फक्त एक! महिन्याला वीस पौंड वाचले. उरलेले ऐंशी-नव्वद कुठे जातात? माझी सगळी फुशारकी वीस पौंडांत संपली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

कुठे जातात ते आज कळलं. कळलं म्हणजे, पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आज लिहितोय.

गेल्या वर्षी दिवसा हे घर रिकामं असायचं. सगळे आठला बाहेर, पाचला परत. मधे हीटिंग पंधरावर. आता आठ ते पाच एकवीस. कुणासाठी? दोन म्हाताऱ्यांसाठी. ना गळती, ना चोरी, ना कंपनीची लबाडी. निदान – आम्ही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

औषधही मीच शोधलं. सगळे गेल्यावर हीटिंग अठरावर. मी दोन मोजे, टोपी. सुप्रभाला हॉट वॉटर बॅग.

तीन तासांनी ती खुर्चीतून उठेना. गुडघा आखडला. मी एका बाजूने, भिंत एका बाजूने, असं करत बाथरूमपर्यंत नेलं. नेमकी मीनल आज लवकर घरी! दारातच थांबली.

"बाबा, घरात इतकं गार का आहे?"

मी काहीतरी पुटपुटलो. वय, थर्मोस्टॅट, बॅटरी.

तिने जाऊन थर्मोस्टॅट पाहिला. मग माझी टोपी पाहिली. मग भिंतीवरचा माझा तक्ता – तो मी काढून ठेवायला विसरलो होतो. "थर्मोस्टॅटला पुन्हा हात लावायचा नाही," म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण माझ्या थिएटरमधल्या सिस्टरही असंच बोलायच्या, आणि तेव्हा आम्ही सर्जनसकट सगळे गप्प बसायचो. मग सुप्रभाच्या पायाशी बसली, अर्धा तास पाय चोळत.

मी खोलीत येऊन बसलो. लाज वाटली. माझ्या हट्टापायी तिचा गुडघा! भूल देणाऱ्याने पेशंटला गारठवलं!

१४ फेब्रुवारी, शनिवार

पीठ तरी बरं करतो म्हटलं. शेगडीजवळ कार्डबोर्डचा खोका, आत पातेलं, दोन हॉट वॉटर बॅगा, माझा जुना थर्मामीटर. दर तासाला तपमान लिहिलं – तीस, एकोणतीस, तीस. काल दुपारपासून ड्यूटीवर! आज सकाळी झाकण उचललं तर पीठ काठाला! सुप्रभा म्हणाली, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुमच्या हाताखाली कुणी जागं झालं वेळेवर!"

अन्वीने सहा खाल्ल्या. पोलिश मुलीने मला मिठी मारली.

गॅसचा खर्च – दोन किटल्या पाणी.

१८ फेब्रुवारी, बुधवार

नवं बिल. दोनशे एकोणीस. अ‍ॅपवर पट्टी अजून लालच. "तुमच्यासारख्या घरांपेक्षा ५८ टक्के जास्त." विनय नुसतं "हं" म्हणाला आणि फोन खिशात ठेवला. त्या "हं"चा अर्थ लावत बसलो दिवसभर.

एजंटचा ईमेल. शुक्रवार सत्तावीस, सकाळी दहापर्यंत.

२२ फेब्रुवारी, रविवार

जेवताना मुद्दाम विषय काढला. "ब्रिस्टलला आता डॅफोडिल्स आले असतील." वाटलं, कुणी म्हणेल, कशाला जाताय. विनय म्हणाला, "हो ना. वरण वाढ गं."

वरण!

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सुप्रभाला विचारलं, काय करायचं? "तुम्ही ठरवाल ते." मग थोड्या वेळाने, "त्या पायऱ्यांना कठडा लावून घेऊ दुसऱ्या बाजूने." तिने ठरवलंसुद्धा. माझ्याकडे न बघता.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

ठरलं. उद्या दहाला एजंटला फोन – नाही म्हणून सांगायचं, भाड्याने द्यायचं नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही परत. पोरं चांगली आहेत, काही बोलत नाहीत. पण म्हणून त्यांनी न बोलता सोसायचं? आकडे खोटं बोलत नाहीत. आमच्यासकट या घराचं बिल वाजवी नाही, आमच्याशिवाय आहे. मी स्वतः मोजलंय.

मीनल संध्याकाळी सोफ्यावर फोन घेऊन बसली होती. मधेच विचारलं, "बाबा, दिवसा घरी कोणी असतं का, याला काय लिहू? दोघंही असता ना, रोज?" म्हटलं, हो, रोज. कशासाठी ते विचारलं नाही. बॅग कुठे ठेवलीये ते आठवत होतो.

उद्याच्या पिठासाठी खोका तयार केला. एकतीस अंश. शेवटचा शनिवार नीट व्हायला हवा.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

पावणेदहाला फोन हातात घेऊन बसलो होतो. मीनल आज घरून काम करत होती. आली आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. "बघा तुमचा पेशंट!" पट्टी हिरवी! "तुमच्यासारख्या घरांइतकाच वापर."

म्हटलं, बिघडलंय हे.

"बिघडलेलं आधी होतं बाबा. घरात राहणारी माणसं – तिथे अजून तीनच होतं. आम्ही घर घेतलं तेव्हाचं. तुम्ही तो तक्ता घेऊन गारठत बसलात, आणि मला कालपर्यंत सुचलं नाही. सॉरी. नोव्हेंबरातच बदलायला हवं होतं."

चष्मा लावला. कायम राहणारी माणसं – ५.

चाळीस वर्षं भूल देण्याआधी पहिला प्रश्न विचारला, पेशंटचं वजन किती. इथे तोच विचारायचा राहिला!

सुप्रभाला हाक मारली. स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिने पाहिलं आणि मटकन माझ्या शेजारी बसली, रडायलाच लागली, म्हणाली, "अहो, दहा वाजायला आले, फोन करा आधी!"

केला. म्हटलं, द्या घर भाड्याने.